फ्रान्सच्या खेड्यातले शांत रस्ते, सायकलवरून: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी २०१८ मध्ये तुलूझला राहायला आले आणि तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या आधी पुण्या-मुंबईहून कुणाचा तरी मेसेज येतोच, की आम्ही येतोय, सायकल चालवायचीये, पण गाड्या नकोत, हॉर्न नको, ट्रक नकोत, कुठे जायचं सांग. दरवेळी तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. यातलं बरंचसं मी चुका करून शिकलेय, आणि त्या चुका तुम्ही पुन्हा करायची काहीच गरज नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. फ्रान्समध्ये शांत रस्ते म्हटलं की लोक थेट ल्वार नदीच्या काठच्या त्या प्रसिद्ध सायकलमार्गावर जातात. तो मार्ग छानच आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण खरी शांतता हवी असेल तर ती साध्या गावरस्त्यांवर मिळते, ज्यांच्यावर सायकलची पाटीसुद्धा नसते. ते रस्ते ओळखायचे कसे हे एकदा कळलं की देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात तुमचा तुम्हाला रूट बनवता येतो, म्हणून मी त्यावरच जास्त लिहिणारे.

१. आधी भाग ठरवा

फ्रान्समध्ये रस्त्यांचं जाळं अकरा लाख किमीच्या आसपास आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा गावांच्या, म्हणजे कम्यूनच्या रस्त्यांचा आहे. कम्यून म्हणजे आपली ग्रामपंचायत समजा, अशा जवळपास ३५ हजार आहेत. ईशान्येकडून नैऋत्येकडे देशाच्या मधून एक पट्टा जातो जिथे वस्ती अगदी विरळ आहे. क्रझ नावाचा जिल्हा बघा, १८५१ च्या सुमारास तिथे पावणेतीन लाखांच्या वर माणसं होती आणि आज सव्वा लाखसुद्धा नाहीत. माणसं शहरात गेली, पण त्या सगळ्या वाड्या-वस्त्यांना जोडणारे रस्ते तिथेच राहिले, आणि ते डांबरी आहेत, नीट ठेवलेले आहेत. दिवसभरात त्यांच्यावरून पोस्टाची व्हॅन जाते, दुधाचा टँकर जातो, चार-दोन ट्रॅक्टर जातात. बास.

माझ्या पसंतीचे भाग सांगायचे तर क्रझ आणि आजूबाजूचा लिमूझँ, बर्गंडीतला मोर्व्हां, दक्षिणेतले लॉट आणि आव्हेरों, आणि आमच्या तुलूझच्या पश्चिमेचा जेर्स. जेर्स नकाशावर सपाट वाटतो, पण तिथे एकामागून एक छोट्या टेकड्या आहेत, चढ लहान पण तीव्र, दिवसाअखेर पाय बोलायला लागतात. लॉटमध्ये नदीची दरी धरून राहिलात तर सोपं, दरी सोडून वरच्या पठारावर जायचं म्हटलं तर एका दमात दीड-दोनशे मीटर चढ.

पहिल्यांदा जात असाल तर समुद्रकिनारा, प्रोव्हान्समधली प्रसिद्ध गावं आणि आल्प्सचे मोठे घाट जुलै-ऑगस्टमध्ये टाळा. जागा सुंदर आहेत, पण त्या दोन महिन्यांत तिथे गाड्या आणि कॅम्परव्हॅनची रांग असते.

२. रस्त्याचा नंबर आणि रंग वाचायला शिका

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं यावर उभं आहे.

प्रत्येक रस्त्याला एक अक्षर आणि नंबर असतो. 'ए' म्हणजे मोटरवे, तिथे सायकलला बंदीच. 'एन' म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, काही ठिकाणी सायकल चालते पण आपण जायचंच नाही. 'डी' म्हणजे देपार्तमाँचा, म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. आणि 'सी' किंवा 'व्हीसी' म्हणजे गावाचा रस्ता, ज्यासाठी आपण एवढ्या लांब आलोय. पाट्यांवर नंबरची चौकट लाल असेल तर एन, पिवळी असेल तर डी, पांढरी असेल तर गावरस्ता. आपल्या डोक्यात मैलाच्या दगडाचा पिवळा माथा म्हणजे नॅशनल हायवे असं पक्कं बसलेलं असतं, तिथे उलट आहे, पिवळा दगड जिल्ह्याच्या रस्त्याचा आणि लाल दगड राष्ट्रीय महामार्गाचा. माझा भाऊ आला तेव्हा पिवळा दगड दिसला की घाबरून वळायचा, त्याला हे समजावण्यात अर्धा दिवस गेला.

आता डी रस्त्यांमधला मोठा सापळा. मला सुरुवातीला वाटायचं की डी म्हणजे लहान रस्ता, बिनधास्त जा. तसं नाहीये. २००६ च्या सुमारास सरकारने हजारो किमी राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यांकडे सोपवले आणि त्यांचे नंबर बदलले. रस्ता तोच, ट्रक तेच, फक्त पाटी लालची पिवळी झाली. उदाहरणार्थ पॅरिसहून तुलूझकडे येणारा जुना एन २० आता इकडे डी ८२० आहे, एन ११३ चा डी ८१३ झालाय. माझ्या पहिल्याच लांब राइडला फोनमधल्या नेव्हिगेशनने मला अशाच एका रस्त्यावर नेऊन सोडलं, आणि पंधरा किमी मी कडेच्या पांढऱ्या पट्टीवर जीव मुठीत धरून चालवली, बाजूने मालाचे ट्रक, घरी येऊन रडलेच. तेव्हापासून नियम केलाय, की डी च्या पुढे ६००, ८०० किंवा ९०० च्या मालिकेतला नंबर दिसला तर आधी संशय घ्यायचा आणि तपासायचं. सगळेच तसे नसतात, ९०० च्या घरातले कित्येक रस्ते निवांत आहेत, पण तपासल्याशिवाय नाही.

साधारण अंदाज असा धरा की डी च्या पुढे एक किंवा दोन आकडे असतील तर रस्ता जरा मोठा, तीन आकडे असतील तर लहान. याला अपवाद भरपूर. शिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा नंबर बदलू शकतो, त्यामुळे रूट लिहून घेताना नंबरसोबत गावांची नावंही लिहा.

मिशलँचा कागदी नकाशा अजूनही घेण्यासारखा आहे, मी तो हँडलबार बॅगवर लावते. त्यात लाल रस्ते मोठे, पिवळे मधले, पांढरे लहान. आपण पांढऱ्यावरून पांढऱ्यावर उड्या मारत जायचं, पिवळा फक्त जोडायला. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य म्हणून निवडलेला रस्ता आहे, आणि हे लक्षात ठेवा की हिरवी रेघ गाडीवाल्यांनाही दिसते, त्यामुळे हिरवी रेघ असलेला पिवळा रस्ता ऑगस्टमध्ये शांत नसतो. रस्त्यावर छोटे बाण काढलेले असतात ते चढाचे, एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याच्याही वर. बॅगा लावलेल्या सायकलवर तीन बाणांचा रस्ता मी तरी घेत नाही.

आणि माझी सगळ्यात आवडती खूण, रस्त्याच्या मधोमध पांढरी पट्टी आहे का बघा. पट्टी नसेल तर दोन गाड्या आरामात जाव्यात एवढा रस्ता रुंदच नाही, म्हणजे घाईतला ड्रायव्हर तिकडे वळत नाही. आणि डांबराच्या मधोमध गवताची रेघ उगवलेली दिसली तर समजा पोचलात.

३. रूट बनवा आणि घरी बसून तपासा

रूट बनवायला मी सायकल डॉट ट्रॅव्हल ही साइट वापरते, ती आपणहूनच गर्दीचे रस्ते टाळून छोटे रस्ते शोधते. कोमूटही चालेल. कुठलंही वापरा, पण बनलेला रूट तसाच सायकलच्या कॉम्प्युटरवर टाकून निघू नका. मी काय करते ते सांगते.

आधी रूटवर प्रत्येक ठिकाणी नंबर बघते आणि संशयास्पद डी रस्ते बाजूला काढते. मग त्या जागांवर स्ट्रीट व्ह्यू उघडून मधली पट्टी, कडेची जागा, ट्रक दिसतात का ते बघते. मग डांबर आहे का ते बघते, कारण पुष्कळदा हे प्लॅनर तुम्हाला शेतातल्या खडीच्या वाटेवर घालतात, नकाशावर ती सुंदर शॉर्टकट दिसते आणि प्रत्यक्षात २५ एमएमच्या टायरवर पाच किमी ढकलत जावं लागतं. फ्रेंच सरकारी नकाशा संस्था आयजीएनचे नकाशे ऑनलाइन फुकट बघता येतात, त्यात तुटक रेघांची वाट म्हणजे कच्ची वाट, ती टाळा. शेवटी पूर्ण रूट आणि नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घेते, दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं आणि नेमकं वळणावर जातं.

दिवसाला किती किमी ते तुमचं तुम्ही ठरवा, पण घरून १०० किमी करत असाल तर इथे बॅगांसकट ६०-७० धरा. गावागावात थांबावंसं वाटतं.

४. खुणा लावलेले मार्ग

दोन शब्द लक्षात ठेवा. 'व्वा व्हेर्त' म्हणजे फक्त सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठीचा रस्ता, इंजिनवाल्या वाहनांना बंदी, बऱ्याचदा जुन्या रेल्वेलाइनवर किंवा कालव्याच्या काठाने. 'व्हेलोरूत' म्हणजे पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग, ज्यात व्वा व्हेर्तही असतात आणि मध्ये मध्ये साधे रस्तेही. व्हेलोरूत म्हणजे गाड्या नाहीतच असं समजून लहान मुलं घेऊन निघू नका, आधी बघा.

लहान मुलं किंवा आई-बाबा सोबत असतील तर मात्र व्वा व्हेर्तच घ्या. ल्वार आ व्हेलो, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला ल्वारकाठचा मार्ग, सुमारे ९०० किमी आहे, नव्हेरजवळच्या क्यूफीपासून समुद्रापर्यंत, त्यातले ऑर्लेआँ ते आँजे दरम्यानचे व्वा व्हेर्तचे तुकडे करा. बोर्दो ते तुलूझ कालव्याच्या काठाची वाट सपाट आणि सावलीची. बर्गंडीत झिव्री ते क्ल्यूनी जुन्या रेल्वेलाइनवरची वाट १९९७ पासून आहे, द्राक्षाच्या मळ्यांमधून जाते, आणि क्ल्यूनीच्या पुढे बोआ क्लेर नावाचा दीड किमीहून लांब बोगदा लागतो, तो थंडीत वटवाघळांसाठी बंद ठेवतात. तुलूझपासून पुढचा कनाल द्यू मिदी हा कालवाकाठ मात्र जपून, सुरुवातीचे ५० किमी वगैरे डांबर आहे आणि नंतर मुळं, खड्डे, चिखल, रोड बाइकचं काम नाही.

५. कधी जायचं

मे महिन्याचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, घाई करावी लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत ऊन चाळिशीला जाऊ शकतं, तेव्हा पहाटे निघून दुपारी एकपर्यंत संपवायचं.

वारांमध्ये रविवार सकाळ सगळ्यात शांत, त्याच वेळी गावातले स्थानिक सायकल क्लब बाहेर पडतात आणि हात हलवून 'बाँझूर' म्हणत जातात, तुम्हीही म्हणा. कामाच्या दिवशी शहराच्या आसपासचे रस्ते आठ ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात टाळा. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शिकारीचा मोसम असतो, रस्त्याकडेला 'शास आँ कूर' अशी पाटी दिसली तर म्हणजे शिकार चालू आहे. डांबरी रस्त्यावर राहा, जंगलातल्या वाटेत शिरू नका, भडक रंगाचं जॅकेट घाला.

वारा विसरू नका. ऱ्होनच्या खोऱ्यात उत्तरेकडून मिस्त्राल येतो, आमच्याकडे आग्नेयेकडून ओताँ येतो आणि एकदा सुरू झाला की दोन-तीन दिवस थांबत नाही. शक्य असेल तर रूटची दिशा आदल्या दिवशी वारा बघून ठरवा, ट्रेनने एका टोकाला जा आणि पाठीवर वारा घेऊन परत या.

६. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांसाठी शेंगेन शॉर्ट स्टे व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, प्रवासाला पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर उशीर झाला. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून मार्चपासूनच मागे लागा. सोबत काय ठेवायचं:

पासपोर्ट, जुने व्हिसा, फोटो
किमान ३० हजार युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, आणि त्यात सायकलिंग वगळलेलं नाही ना हे बारीक अक्षरात वाचा
जाण्या-येण्याचं विमान बुकिंग
प्रत्येक रात्रीचं राहण्याचं बुकिंग
रोजचा प्लॅन, कुठून कुठे, किती किमी
बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, रजेचं पत्र, आयटी रिटर्न

सायकल ट्रिपमध्ये अडचण रोजच्या बुकिंगची असते, कारण आपल्याला मोकळं फिरायचं असतं. अर्ज खोटा करू नका. ज्या बुकिंग्ज रद्द किंवा पुढे-मागे करता येतात अशाच घ्या आणि मग खरोखर साधारण त्याच मार्गावर राहा. माझ्या मावसबहिणीने कव्हरिंग लेटरमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की आम्ही सायकलने फिरणार आहोत, सोबत नकाशाचं एक पान जोडलं, काही अडचण आली नाही.

जे २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल राइडसाठी पुण्या-मुंबईहून यायची तयारी करतायत त्यांना कळकळीने सांगते, व्हिसा काढतच आहात तर आठवडाभर जास्तीचा ठेवा. ९० तासांत १२०० किमी करताना गावं बघायला मिळत नाहीत, रात्री लाल दिव्यांची रांग बघायला मिळते.

७. सायकल आणि ट्रेन

स्वतःची आणायची असेल तर विमान कंपनीला आधी लेखी कळवा, बॉक्सचं माप आणि वजन तिकिटाच्या वेळीच विचारा. आठ-दहा दिवसांसाठीच येत असाल तर भाड्याने घेणं सोपं, ल्वारच्या आसपास तर एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत करता येते. पण खेड्यात भाड्याच्या सायकली मिळत नाहीत, त्या मोठ्या गावातच घ्या. टायर २८ ते ३२ एमएम, खडबडीत डांबरावर हात दुखत नाहीत.

सोबत दोन ट्यूब, पॅच, लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेनची क्विक लिंक, थोडं तेल, हे हवंच. इथे दुकानात रोड बाइकसाठी बारीक व्हॉल्व्हच्या म्हणजे प्रेस्टा ट्यूब सहज मिळतात, तुमच्या रिमचं भोक जाड व्हॉल्व्हचं असेल तर तुमच्या ट्यूब घरूनच आणा. डेकॅथलॉन मोठ्या गावाच्या बाहेर असतं, खेड्यात नाही.

प्रादेशिक ट्रेन म्हणजे टेअर, त्यात सायकल बहुतेक ठिकाणी तशीच चढवता येते, हूकला टांगायची किंवा कप्प्यात उभी करायची. काही मार्गांवर उन्हाळ्यात सायकलचं रिझर्व्हेशन लागतं, ते त्या प्रदेशाच्या टेअरच्या साइटवर बघा. टेजेव्हे म्हणजे अतिवेगवान ट्रेन, तिच्यात सायकलची जागा मोजकी आणि तिकिटासोबतच बुक करायची, नाहीतर चाकं काढून बॅगेत घालायची.

आणि इथे सापळा आहे. वेळापत्रकात काही फेऱ्यांपुढे छोट्या अक्षरात 'ओतोकार' लिहिलेलं असतं. म्हणजे ती ट्रेन नाही, बस आहे, आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. माझी एक मैत्रीण संध्याकाळी सातला अशा स्टेशनवर उभी राहिली, पुढची खरी ट्रेन सकाळी होती. परतीची ट्रेन निवडताना तेवढं एक चिन्ह तपासा.

८. रस्त्यावर उतरल्यावर

उजवीकडून चालवायची. वाचायला सोपं आहे पण ऐका, गर्दीच्या रस्त्यावर तुम्ही चुकणार नाही कारण समोरच्या गाड्या आठवण करून देतात. चुकाल ती अगदी रिकाम्या गावरस्त्यावर, पाणी पिऊन, फोटो काढून पुन्हा निघताना, कारण तिथे आठवण करून द्यायला कुणीच नसतं आणि हात सवयीने डावीकडे जातो. मी पहिल्या महिन्यात तीनदा गेलेय. हँडलबारवर उजव्या बाजूला रंगीत टेप लावा आणि थांबून निघताना दरवेळी तिच्याकडे बघा.

दुसरं म्हणजे 'प्रियोरिते आ द्र्वात'. गावात शिरल्यावर कुठलीही पाटी नसेल तर उजव्या गल्लीतून येणाऱ्या गाडीचा पहिला हक्क असतो, ती न बघता बाहेर येऊ शकते, आणि तुम्ही उजव्या कडेलाच असता. तुमच्या रस्त्यावर पिवळ्या चौकोनी हिऱ्यासारखी पाटी असेल तर हक्क तुमचा. चौकातल्या गोलात, म्हणजे राउंडअबाउटमध्ये, आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं आणि डावीकडून येणारं बघायचं.

गावाच्या नावाची लाल किनारीची पांढरी पाटी आली की गाड्यांना ५० ची मर्यादा लागते, तेच नाव लाल रेघेने खोडलेलं दिसलं की गाव संपलं, गाड्या पुन्हा ८० ने येणार, काही जिल्ह्यांत ९० ने. काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात नाव असेल तर ती फक्त वाडी, तिथे वेग कमी होत नाही.

ओव्हरटेक करताना गाडीने गावात १ मीटर आणि बाहेर दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, आणि खेड्यात लोक खरंच पाळतात, वळणावर मागे शांतपणे थांबून राहतात. हॉर्न वाजला तर तो बहुतेक वेळा सांभाळून सांगायला असतो. दोघांनी शेजारी शेजारी चालवायला परवानगी आहे, पण मागून गाडी आली की एकामागे एक व्हा, रात्री तर कायमच. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे (मोठ्यांनीही घालाच). रात्री गावाबाहेर चमकणारं जॅकेट सक्तीचं, पुढे-मागे दिवा हवा, घंटी हवी. कानात इअरफोन घालून चालवणं बेकायदेशीर, दंड होतो.

पाट्यांमध्ये 'रूत बारे' म्हणजे रस्ता बंद. सायकल निघून जाईल असं समजून दहा किमी खाली उतरू नका, पूलच उखडलेला असू शकतो, आधी गावात विचारा. आणि 'ग्राव्हियों' ही पाटी दिसली की ताबडतोब वेग कमी करा. उन्हाळ्यात डांबर ओतून वर मोकळी खडी पसरतात आणि दाबायचं काम गाड्यांवर सोडतात, उतारावरच्या वळणावर तर त्या खडीवर ब्रेक दाबणं म्हणजे पडणंच. मोकाट कुत्री जवळपास नाहीत, पुण्यातल्या पहाटेच्या राइडनंतर हे फार जाणवतं. काही झालं तर ११२.

९. पाणी आणि खाणं

याचा विचार घरून करून निघा, कारण रस्ता शांत असण्याचं कारणच हे की तिथे माणसं नाहीत, आणि माणसं नाहीत म्हणून टपरी नाही. आपल्याकडे दहा किमीत चहा मिळतो या सवयीने निघालात तर उपाशी राहाल. दुकानं दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती तीनला उघडतात. हॉटेलात जेवण बारा ते दोनमध्येच, सव्वादोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर सगळं बंद, सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद. म्हणून रविवार-सोमवारचं खाणं शनिवारी घेऊन ठेवा. काही गावांत आता पावाचं मशीन असतं, पैसे टाका आणि 'बागेत' म्हणजे लांबट पाव बाहेर येतो, त्यानेही बऱ्याचदा भागलंय.

पाण्यासाठी उत्तम जागा म्हणजे गावाबाहेरची दफनभूमी. ऐकायला विचित्र वाटेल, पण फुलांना घालायला तिथे नळ असतोच, आणि 'ऑ नाँ पोताब्ल' अशी पाटी नसेल तर मी तिथूनच भरते. ती पाटी असेल तर ते पिण्याचं पाणी नाही. नाहीतर सरळ कुणाच्या घराचं दार वाजवा, आधी हसून 'बाँझूर' म्हणा, मग बाटली दाखवा. मला आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही, एका आजींनी तर बाटलीसोबत जर्दाळू दिले होते.

शाकाहारी असाल तर ब्रेड, चीज, टोमॅटो, फळं, दही यावर दिवस निघतो. हॉटेलात ऑम्लेट मिळतं. सापळा 'लार्दों' या शब्दाचा, ते डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात आणि साध्या दिसणाऱ्या सॅलडमध्ये, कीशमध्ये सुद्धा असतात, आधी विचारा. चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू बॅगेत ठेवा, वजनाच्या मानाने त्याहून चांगलं काही नाही.

१०. राहायचं

'आक्य व्हेलो' असा हिरवट बोर्ड असलेली जागा शोधा, ती सायकलमार्गापासून ५ किमीच्या आत असते आणि सायकल ठेवायला बंद जागा, दुरुस्तीचं थोडं सामान देते. मार्गापासून लांब असाल तर 'शाँब्र दोत', म्हणजे घरगुती खोल्या, फोन करून रात्रीचं जेवण मिळेल का ते विचारा, कारण गावात दुसरं काही नसतं. तंबू असेल तर ग्रामपंचायतीच्या कॅम्पसाइट्स, 'काँपिंग म्युनिसिपाल', स्वस्त आणि स्वच्छ.

११. पहिली राइड: फिजाक ते काऑर

हे मी प्रत्येक नव्या पाहुण्याला देते. दोन दिवस, सगळं मिळून ८० किमीच्या आसपास, दोन्ही टोकांना स्टेशन. जून किंवा सप्टेंबरमध्ये करा.

तुलूझहून सकाळच्या टेअरने फिजाकला या (ओतोकार नाही ना ते बघा). इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोलियों १७९० मध्ये या गावात जन्मला, जुन्या गावातल्या एका चौकात, ती लिपी ज्यावरून उलगडली त्या रोझेटा शिळेची प्रचंड प्रतिकृती जमिनीवर पसरलेली आहे, तासभर बघा, खाणं भरून घ्या. गावातून बाहेर पडताना पहिले काही किमी मोठ्या रस्त्याचे आहेत, तेवढे एका दमात काढा आणि डी ४१ वर डावीकडे वळा. इथून सेले नदी तुमच्या सोबत. कोर्न, एस्पान्याक, ब्राँग अशी दगडी गावं, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला पिवळसर करड्या खडकाचे उंच कडे, कड्यांच्या पोटात जुनी घरं चिकटलेली. एस्पान्याकला मुख्य रस्ता सोडून पूल ओलांडा, तिथल्या मठापाशी बसा. स्पेनमधल्या संतियागो या तीर्थक्षेत्राला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची एक वाट याच दरीतून जाते, पाठीवर शिंपला बांधलेली माणसं भेटतात, मला दरवेळी आळंदी-पंढरीच्या वाटेची आठवण येते. मुक्काम मार्सियाकला, तिथे पडक्या मठाची कमान आहे, संध्याकाळी तिच्यावर ऊन येतं.

दुसऱ्या दिवशी लवकर निघा. सोलियाकनंतर दरी अरुंद होते. काब्रेरेजवळ पेश मेर्लची गुहा आहे, १९२२ मध्ये सापडली, ठिपक्यांच्या घोड्यांची चित्रं सुमारे २९ हजार वर्षं जुनी. गुहेपर्यंत एक खडा चढ आहे आणि रोज मोजक्याच लोकांना सोडतात, म्हणून तिकीट आधी काढा. पुढे काँद्यूशेला सेले लॉट नदीला मिळते. इथून सँ-सीर-लापोपी बघायला जायचं असेल तर सायकल बूझिएसला कुलूप लावून ठेवा आणि नदीकाठी खडक कोरून केलेल्या जुन्या वाटेने चालत जा, बोटी ओढणाऱ्यांसाठी ती वाट केली होती. ते गाव नदीपासून शंभर मीटर उंचावर आहे, उन्हाळ्यात तिथे गर्दी असते, दहाच्या आत पोचलात तर गल्ल्या मोकळ्या मिळतात.

शेवटचा टप्पा सांभाळून. व्हेर गावानंतर काऑरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला रहदारी वाढते. घरून निघतानाच नकाशावर हा तुकडा मोठा करून बघा आणि जिथे जिथे समांतर पांढरा रस्ता दिसेल तिथे तो घ्या, दोन-चार किमी आणि एखादा चढ जास्त पडला तरी चालेल. काऑरला पोचल्यावर थेट स्टेशनवर जाऊ नका, चौदाव्या शतकातला तीन मनोऱ्यांचा व्हालाँत्रे पूल स्टेशनपासून चालत जाण्याइतकाच लांब आहे. पुलाच्या पलीकडच्या काठावर बसा, उरलेला पाव आणि चीज तिथे संपवा. तुलूझची संध्याकाळची ट्रेन पकडायची असेल तर अर्धा तास आधी फलाटावर या, सायकलचा डबा कुठे थांबतो ते विचारून ठेवा, कारण ट्रेन तिथे दोनच मिनिटं थांबते आणि बॅगा काढून सायकल चढवायला तेवढा वेळ लागतोच.